दोन सीटच्या गाडीतले दोन आवाज

गाडी घेऊन आलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, यावरून आपला पुढचा वेळ कसा जाणार हे मला कळतं. "ब्रेक लागत नाही" म्हणणारा सरळ माणूस असतो. "पिकअप नाही" म्हणणारा बहुधा शेजाऱ्याची नवी गाडी बघून आलेला असतो. आणि "आवाज येतोय" एवढंच बोलून जो गप्प बसतो, तो माझा माणूस. कात्रजच्या बाजूला माझं गॅरेज आहे. तिथे टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग सगळं होतं, पण पुण्यातल्या धंदेवाल्यांमध्ये आमची ओळख 'आवाजवाले वाघमारे' अशीच आहे. दुसरीकडे सापडला नाही तो आवाज आमच्याकडे येतो.

या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी म्हटलं, अहो, आमच्या धंद्यात ऐकायचं जास्त, बोलायचं कमी आणि लिहायचं तर अजिबात नसतं. तरी लिहितोय. सगळं आयुष्य सांगत बसत नाही. एका गाडीचं सांगतो.

त्याआधी थोडं धंद्याबद्दल. गाडीतला प्रत्येक आवाज कशाला तरी बांधलेला असतो. काही इंजिनाला बांधलेले, म्हणजे गाडी उभी असताना रेस केली तरी येतात. काही चाकांना बांधलेले, म्हणजे इंजिन काहीही करो, गाडीचा वेग वाढला की वाढतात. काही वळणावर येतात, काही फक्त खड्ड्यात, काही वाऱ्याचे. आम्ही काय करतो, तर एकेक गोष्ट बदलून बघतो. क्लच दाबला, आवाज थांबला का? ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, सूर उतरला का? उजवीकडे वळलो, वाढला का? असं करत करत त्याला कोपऱ्यात गाठायचं. मग गाडी लिफ्टवर घ्यायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या भागावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टरसारखा स्टेथोस्कोपही आहे माझ्याकडे, त्याला पुढे लोखंडी सळई असते. पण माझा विश्वास स्क्रूड्रायव्हरवर.

गॅरेजात मी स्वतः एक पाटी रंगवून लावली आहे : 'आवाज ऐकवायचा असल्यास प्रथम आपण गप्प बसावे.' लोक फोटो काढतात आणि बोलत राहतात.

खराडीत आयटीत असलेला एक तरुण मध्यंतरी आला होता. मागून गडगड येते म्हणून त्याने फोनवर आवाज टेप केलेला, लॅपटॉपवर त्याचे डोंगर-दऱ्यांसारखे आलेख काढलेले. आलेख खरंच छान होते. त्यावरून मला एवढं कळलं की आवाज ब्रेक मारल्यावर पुढे येतो आणि गाडी सुटली की मागे जातो. स्टेपनीचं झाकण उचललं. गाडी घेतली त्या दिवशीच्या पूजेचा नारळ खाली पडून होता. पार वाळलेला, आत खोबरं सुटलेलं. पोरगा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "काका, प्लीज कुणाला सांगू नका हां," म्हणाला. नाव सांगितलेलं नाही.

असो. आता बाईंची गोष्ट.

वासंतीबाई दामले पहिल्यांदा आल्या त्या रिक्षाने. साधारण सत्तरीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मी बाहेर डोकावून बघितलं, गाडी दिसेना.

"गाडी कुठे आहे, बाई?"

"गाडी घरी आहे, नारायण पेठेत. मी फक्त आवाज आणलाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, फोनवर टेप करून आणला असेल. त्यांनी पाणी मागितलं, घोटभर प्यायल्या, पिशवी मांडीवर ठेवली आणि चक्क गाऊन दाखवला. तोंड मिटून, नाकातून, एकच लांब सूर. कामावरच्या माणसांचे हात थांबले.

"साठच्या आसपास हा काळी तीनला लागतो," त्या म्हणाल्या. "ऐंशीला गेलं की त्याचा बरोबर मध्यम. आमचे हे गिअर बदलतात तेव्हा इंजिनाचा सूर खाली पडतो, पण हा पडत नाही. आणि पाय काढला की हा जवळजवळ जातो. परत पाय दिला की येतो."

काळी तीन म्हणजे पेटीवरची तिसरी काळी पट्टी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण या चार वाक्यांत त्यांनी माझं निम्मं काम करून ठेवलं होतं. गिअर बदलला तरी सूर बदलत नाही, म्हणजे तो इंजिनाला बांधलेला नाही, गिअरबॉक्सच्या मागे कुठेतरी आहे. जोर दिला की येतो, सोडला की जातो, म्हणजे दातेरी चाकांचा आहे. मी विचारलं, "गाडीला मागच्या चाकांचा ड्राइव्ह आहे का?"

"ते मला नाही माहीत. दोनच सीट आहेत आणि छत मागे दुमडतं, एवढं माहीत आहे."

त्यांच्या यजमानांच्या भाच्याने परदेशातून परत येताना ती जपानी स्पोर्ट्स गाडी बरोबर आणली होती. मग भाचा पुन्हा तिकडे गेला आणि गाडी मामांकडे राहिली. दामले साहेब विमा कंपनीतून निवृत्त. रोज सकाळी फडक्याने गाडी पुसायची आणि रविवारी बाईंना शेजारी बसवून खेड शिवापूरपर्यंत चक्कर मारून यायचं, हा त्यांचा नेम. बाई गाण्याच्या शिक्षिका. घरी शिकवणी घेत. अर्धी पेठ त्यांच्याकडे सा लावायला शिकलेली.

"आणि ते काय म्हणतात आवाजाबद्दल?" मी विचारलं.

"ते म्हणतात, गाडीला काहीही आवाज नाही, तुला ही गाडी पहिल्यापासून आवडत नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणखी एक आहे. वरचा. अगदी बारीक, शिट्टीसारखा. तो मात्र हलत नाही. साठला तोच, ऐंशीला तोच."

मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, असा आवाज गाडीत नसतो. ऐकताना काहीतरी गल्लत होत असेल. आधी खालचा बघू.

पुढच्या सोमवारी दामले साहेब गाडी घेऊन आले. लाल रंगाची, ठेंगणी, कासवासारखी रस्त्याला चिकटून असलेली गाडी. साहेब उंच. गाडीतून ते बाहेर यायचे म्हणजे एकेक अवयव आधी बाहेर ठेवावा लागे.

"वाघमारे, आमच्या हिला समाधान पाहिजे म्हणून आलोय," ते म्हणाले. "तुम्ही बघा आणि काही नाही म्हणून लिहून द्या. म्हणजे विषय संपला."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि बायपासवर गेलो. साठला सूर लागला. बाईंनी गायला होता अगदी तसाच. मी म्हटलं, "साहेब, येतोय की!"

"कोणता? हा? हा तर गाडीचा आवाज आहे!"

"मग बाई दुसरं काय म्हणत होत्या?"

साहेबांनी गाडी वळवून गॅरेजकडे घेतली.

मागच्या चाकांच्या मधोमध एक लोखंडी भोपळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाकडून आलेला शाफ्ट तिथे एक लहान दातेरी चाक फिरवतो, त्याला आम्ही पिनियन म्हणतो. ते मोठं दातेरी चाक फिरवतं, ते क्राउन. त्यातून ताकद काटकोनात वळून दोन्ही चाकांना जाते. पिनियनला आधार देणारं बेअरिंग झिजलं की पिनियन केसभर सरकतं. केसभर म्हणजे खरोखर केसभर. मग दाते जिथे एकमेकांना लागायला हवेत तिथे न लागता कडेला घासतात आणि गातात.

भोपळा खोलला तर तसंच निघालं. काळजी होती ती दात्यांची. बेअरिंग नाना पेठेत मिळतात, त्यांचे नंबर जगभर सारखेच असतात. पण या गाडीचे क्राउन-पिनियन भारतात मिळणं मुश्कील. दात्यांवरून बोट फिरवलं. कुठे ओरखडा नव्हता. अजून वर्षभर गाडी तशीच चालली असती तर दाते गेले असते आणि पाठोपाठ गाडीही गेली असती. साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून, वाकून बघितलं.

"म्हणजे तिच्यामुळे वाचली म्हणायची."

"तिच्यामुळेच."

"हे घरी सांगू नका, तिला वर्षभर पुरेल," ते म्हणाले. पण मला वाटतं, त्यांनी स्वतःच त्या संध्याकाळी सांगितलं असावं.

हे काम घाईचं नसतं. नवीन बेअरिंग घालायचं, खाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या घालून पिनियन पुढे-मागे करायचं, दात्यांना रंग लावायचा, हाताने फिरवायचं आणि रंग कुठे पुसला जातो ते बघायचं. कडेला पुसला की परत खोला. दात्याच्या मधोमध स्वच्छ ठसा उमटेपर्यंत हेच. मला यात अजून मजा येते. हल्ली इलेक्ट्रिक गाड्या येतात, त्यांना यातलं फारसं काही नसतं. त्या आल्या तेव्हा मी घरी म्हटलं होतं, आता आपले कान निवृत्त होणार. मग कळलं, इंजिन गप्प झाल्यावर लोकांना बाकीचं सगळं ऐकू यायला लागलंय. धंदा वाढला.

गाडी जोडली, चालवून बघितली. साठ, ऐंशी, चढ, उतार, जोर देऊन, सोडून. नुसता वारा आणि टायर. मी खूश. साहेब घेऊन गेले.

आठवड्याच्या आत बाईंचा फोन.

"वाघमारे, फार छान झालं काम. तो खालचा सूर अगदी नाहीसा झाला. वरचा आहे अजून."

मी गाडी परत मागवली. आणि आता माझी पंचाईत सुरू झाली. मला तो ऐकू येत नव्हता. तरी चाकांची बेअरिंग बघितली. ब्रेकचे पॅड काढून घासले. अल्टरनेटरचा पट्टा काढून गाडी चालवली. छताचं रबर, काचेची पट्टी, आरशाच्या मागची फट, सगळीकडे चिकटपट्टी लावून वारा बंद केला. दर वेळी गाडी नारायण पेठेत जायची आणि दर वेळी बाईंचा अगदी नम्र फोन यायचा. "आहे हो अजून. तुम्हाला त्रास देतेय मी."

साहेब आता चिडायला लागले होते. एकदा गॅरेजातच म्हणाले, "अगं, नाही येत आवाज! वाघमारेंना येत नाही, मला येत नाही, तुलाच कसा येतो?" बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मला ते बरं वाटलं नाही.

कारण माझा हिशेब वेगळा होता. पहिल्या आवाजाबद्दल या बाईंनी जे जे सांगितलं, ते शब्दन् शब्द खरं निघालं होतं. ज्या कानाने केसभर सरकलेलं पिनियन नुसतं गाडीत शेजारी बसून ओळखलं, तो कान दुसऱ्या आवाजाबद्दल काहीतरीच सांगतोय असं कसं म्हणणार? त्या म्हणतात तो कशानेच बदलत नाही, तर तो खरंच बदलत नसणार. मग जो आवाज इंजिनाला बांधलेला नाही, चाकांना नाही, वाऱ्याला नाही, रस्त्याला नाही, तो कशाला बांधलेला आहे? गाडीतल्या सगळ्या जागा संपल्या होत्या.

मी साहेबांना चहा मागवून दिला, वर्तमानपत्र दिलं आणि म्हटलं, "या वेळी बाईंना घेऊन मी जातो. सीट दोनच आहेत, तुम्ही बसा."

कात्रजच्या जुन्या रस्त्याने निघालो. पुढे एक फाटा टेकडीकडे वळतो, तिथे दुपारी कुणी नसतं. छत लावलेलं, काचा वर. मी साठला नेली.

"आहे?"

"आहे."

चाळीस. वीस. "आहे?" "आहे, तोच." क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली. "आहे." कडेला घेतली, उभी केली. इंजिन चालू. "आहे." मी किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं. गरम सायलेन्सर गार होताना टिक टिक करतो, तेवढाच काय तो आवाज. बाई समोर काचेतून बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच दार उघडलं, उतरल्या आणि गाडीपासून लांब चालत गेल्या. पुढे ओढ्यावर एक लहान पूल आहे, त्याच्या कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे गेलो.

"इथेही आहे," त्या म्हणाल्या.

आणि कठड्यावर बसल्या. त्या रडल्या वगैरे नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून, वर्गात पोरांचं ऐकायला बसाव्यात तशा बसल्या.

"मला वाटतं, मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी एका मुलीने तानपुरा लावला. मी म्हटलं, नीट लागला नाही, परत लाव. तिने परत लावला. मी परत नाही म्हटलं. मग ती घाबरत म्हणाली, बाई, लागलाय हो. बाकीच्या मुली माझ्याकडे बघत होत्या. लागलेलाच होता. मध्ये हा वरचा सूर येत होता, त्याच्याशी मी मिळवून बघत होते. पुढच्या महिन्यात मी शिकवणी बंद केली. मुलींना सांगितलं, आता जिना चढायचा त्रास होतो. आम्ही तळमजल्यावर राहतो. पोरींनी काही विचारलं नाही. चांगल्या आहेत पोरी."

मी कठड्याला टेकून उभा राहिलो.

"गाडीत बसल्यावर तो खालचा आवाज यायचा ना, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, चला, म्हणजे दोन्ही गाडीतलेच आहेत. गाडीतला आहे म्हणजे कुणीतरी काढेल."

तेव्हा मला माझे वडील आठवले. ते सरकारी कारखान्यात घणाच्या खात्यात होते. आयुष्यभर लोखंडावर लोखंड. निवृत्त झाल्यावर दिवसभर रेडिओ लावून बसायचे, आणि तोही दोन स्टेशनांच्या मध्ये, नुसता खर्र आवाज. आई म्हणायची, अहो, गाणी तरी लावा. ते म्हणायचे, असू दे, यानं बरं वाटतं. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाची लहर. एकदाच मला म्हणाले होते, "माझ्या कानात किडे ओरडतात रे." मी तेव्हा हसलो होतो, तेही हसले होते. मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्या खर्र आवाजाखाली ते आपले किडे झाकत होते, हे मला स्वतःला त्या कठड्यापाशी उभं असताना समजलं. इतकी वर्षं माझा कान कुठे होता कोण जाणे.

"जायचे का त्यांचे किडे?" बाईंनी विचारलं.

"जात नसावेत. पण रेडिओ चालू असला की ते शांत असायचे. पेपर वाचायचे, आमच्याशी बोलायचे. मी डॉक्टर नाही, बाई. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांच्याकडे काहीतरी असेल."

त्या उठल्या, साडीचा पदर झटकला. गाडीकडे येताना म्हणाल्या, "यांना मी सांगेन. तुम्ही नका सांगू."

गॅरेजात आलो तर साहेब वर्तमानपत्राची घडी घालून उभेच होते. बाई उतरल्या आणि सरळ म्हणाल्या, "अहो, गाडी उत्तम झाली आहे. आता माझे कान दाखवायला हवेत."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. दार उघडून धरलं. एरवी ते दार उघडायचे नाहीत, बाईच उघडून बसायच्या. दोघं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतो तर साहेब लाल गाडीत बसून होते. एकटेच. दाढी केलेली नव्हती.

"वाघमारे, एकदा परत बघा," ते म्हणाले. "सगळं उघडा. काहीतरी राहिलं असणार तुमच्याकडून."

ज्या माणसाने वर्षभर गाडीला आवाज नाही म्हणून सांगितलं, तो आता आवाज आहे म्हणून हट्ट धरून बसला होता. नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं. मी गाडी लिफ्टवर घेतली. त्यांच्या हातात स्टेथोस्कोप दिला, सळई कुठे टेकवायची ते दाखवलं. मी हाताने चाक फिरवत होतो आणि ते ऐकत होते. डावं चाक, उजवं चाक. पिनियनची मान. शाफ्टचा सांधा. गिअरबॉक्स. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. शेवटी त्यांनी नळ्या कानातून काढल्या, नीट गुंडाळून माझ्या हातात दिल्या.

"नाही," ते म्हणाले. "काहीच नाही."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले.

"चाळीस वर्षं त्या घरात तानपुरा वाजतोय. वर्षभर वाजत नाही, आणि मी आपला रविवारी गाडी काढतोय," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत, "घरी मी काय बोलू आता?"

"फार काही नका बोलू, साहेब. आवाज येतोय म्हणाल्या तर येत नाही म्हणू नका, एवढंच."

त्यांनी ते ऐकून घेतलं. इतक्या मोठ्या माणसाला मी सांगितलं याचं मला नंतर अवघडल्यासारखं झालं, पण ते रागावले नाहीत. गाडी घेऊन गेले, अगदी हळू.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. साहेबांनी फोनवर मला कळवलं. कानाच्या आतली नस वयाने थकली आहे, ऑपरेशनने जाणारं नाही, औषधाने फारसा फरक नाही. कानात घालायचं एक लहान यंत्र दिलं, त्यातून मंद सरसर येत राहते आणि वरचा सूर तिच्यात थोडा बुडतो. सवय करावी लागेल, असं सांगितलं. "ती म्हणते, वाघमाऱ्यांच्या वडिलांचा रेडिओच आहे हा," साहेब म्हणाले. फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ गॅरेजाच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मधे पाऊस होऊन गेला, गणपती झाले. थंडी पडायला लागल्यावर एका सकाळी गॅरेजच्या दारात लाल गाडी येऊन उभी राहिली. छत पूर्ण मागे. स्टिअरिंगवर वासंतीबाई. शेजारी दामले साहेब, कानटोपी, मफलर, वर स्वेटर, गुडघे जवळजवळ छातीशी.

मी बघतच राहिलो. "बाई, तुम्ही?"

"शिकले," त्या म्हणाल्या. "आमच्याच सोसायटीतली एक मुलगी मोटार ट्रेनिंगची गाडी चालवते, तिच्याकडे. लायसन्ससुद्धा मिळालं. अहो वाघमारे, छत उघडं टाकून पन्नासच्या वर गेलं ना, की तो जातो. म्हणजे असतो, पण मला सापडत नाही. वारा आणि टायर मिळून झाकून टाकतात. सकाळी तासभर फिरून येते, मग दिवस बरा जातो."

"आणि मला हे असं बसावं लागतं," साहेब मफलरमधून म्हणाले. "डिसेंबरात."

"तुम्हाला कुणी यायला सांगितलंय?"

"तू एकटी जाणार असशील तर सांग."

"शिकवणी?" मी विचारलं.

"तिघी येतात," बाई म्हणाल्या. "तानपुरा आता त्याच लावतात. मी फक्त गळा ऐकते. गळ्यातलं अजून सगळं ऐकू येतं मला."

गाडीची सर्व्हिसिंग करायची होती. तेल बदललं, ब्रेक बघितले, चालवून आणली. मागचे टायर एका बाजूने झिजायला लागले होते आणि चाळिशीनंतर चांगलेच घुमत होते. माझा स्वभाव, मी लगेच म्हटलं, "बाई, मागचे टायर घुमतायत. रबर वर्षभराचं आहे अजून, पण आवाज नको असेल तर बदलून देतो. गाडी अगदी शांत होईल."

"रबर आहे ना?"

"आहे."

"मग राहू द्या. अगदी शांत नका करू."

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकाने मला आवाज ठेवायला सांगितला होता. मी पाना खाली ठेवला.

"आणि माझ्या बाजूचं दार वाजतंय," साहेब म्हणाले. "खड्ड्यात खडखड करतं. ते पण ठेवायचंय का?"

बाईंनी किल्ली हातात घेतली, चष्मा सारखा केला. "छे! ते काढा, वाघमारे. ते बेसूर आहे."